साटा, एनव्हीएमई की यूएसबी: घरच्या पीसीवर काही महिने वापरल्यानंतर

पीसीला डिस्क जोडायचे हे तीन मार्ग: साटा म्हणजे आतली केबल, एनव्हीएमई म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवाली डिस्क), आणि यूएसबी म्हणजे बाहेरून. निकाल आधीच सांगतो. विंडोज एनव्हीएमईवर, फोटो-व्हिडिओंची ३.५ इंची डिस्क आत साटावर, आणि यूएसबी फक्त बॅकअपपुरती.

वेगासाठी म्हणाल, तर फिरत्या डिस्कच्या (हार्ड डिस्कच्या) कनेक्शनवरून डोकं खाजवण्यात अर्थ नाही. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क रिकामी असताना सेकंदाला २०० एमबीच्या आसपास देते. भरत आली की आतल्या ट्रॅकवर वेग जवळपास निम्मा होतो. साटा ३ (६ जीबीपीएस) मधून प्रत्यक्षात ५५० एमबी जातात, म्हणजे अडतं ते डिस्कपाशीच. जुन्या मदरबोर्डावर ३ आणि ६ जीबीपीएस अशी दोन्ही पोर्टं असली तर ३ चं डिस्कला द्या, ६ चं एसएसडीला ठेवा.

यूएसबी ३ वरही डिस्क तितकीच पळते. चुकून २.० च्या पोर्टात खोचली, की १०० जीबीला दहा मिनिटांऐवजी पाऊण तास. पण खरा वैताग वेगळाच: बाहेरच्या डिस्कच्या डबीतली ब्रिज चिप (साटा-यूएसबी जोडणारी) डिस्कला झोपवते, फोल्डर उघडला की काही सेकंद सगळं ठप्प. शिवाय ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. कॉपी चालू असताना त्याला धक्का लागला तर फाइल गेलीच म्हणून समजा. २.५ इंची डिस्क अ‍ॅडॅप्टरशिवाय चालते, मात्र ती कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. पुढच्या पोर्टाची आतली वायर बारीक असली तर व्होल्टेज पडतं आणि डिस्क मध्येच गायब होते.

साटाचं दुखणं म्हणजे केबल. मुंबईची पावसाळी दमट हवा, त्यात माहीम-वर्सोव्यासारखा समुद्राचा शेजार, म्हणजे कॉन्टॅक्टवर थर चढायचाच. मग कॉपी अडखळते, पीसी फ्रीझ होतो आणि डिस्क मेली असं वाटतं. लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सी७ ही ओळ बघा. तो सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा. तो वाढत असेल तर बहुधा केबल किंवा पोर्ट. पीसी बंद करून क्लिपवाली नवी केबल लावा. आकडा शून्यावर परत येत नाही, वाढायचा थांबला की झालं. ०५ किंवा सी५ (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे आकडे) वाढत असेल तर मात्र डिस्कच चालली, आधी डेटा काढून घ्या.

पॉवरसाठी मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर (जुन्या चार पिनी पॉवर जोडणीवरून साटाची करणारा), त्यातही एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला, घेऊच नका. आत वायरी एकमेकींना चिकटून जळतात.

एम.२ (बोर्डावरच्या स्लॉटात बसणारी पट्टीसारखी एसएसडी) घेताना बोर्डाचं मॅन्युअल उघडा. एम.२ मध्ये साटावाल्याही एसएसडी येतात, दिसायला जवळपास सारख्या. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटात त्या दिसतच नाहीत. बऱ्याच बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की साटाची एक-दोन पोर्टं बंद पडतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क गायब झाली तर तिची केबल आधी दुसऱ्या पोर्टात लावून बघा.