वर्गासाठी घुमट: घ्यावं का?

घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं गोव्याचं तालवाद्य. वर्गात तालावर पाढे म्हणून घ्यायला चतुर्थीच्या आधी गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात मिळणारं शेळीच्या चामड्याचं घुमट प्राथमिक वर्गाला उत्तम. घोरपडीच्या चामड्याचं कुणी देऊ केलं तर घेऊ नका. घोरपड संरक्षित आहे. दोन्हींच्या आवाजातला फरक पाढे म्हणताना तरी जाणवत नाही.

घेताना मडक्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. चामडं कडेला सगळीकडे घट्ट चिकटलेलं हवं.

उपयोग मुख्यतः लय धरायला. उजव्या हाताने चामड्यावर थाप, डाव्याने मागचं अरुंद तोंड उघडझाप. त्यानेच तो घुमारा येतो. चार मात्रांत एक ओळ बसवा: ‘बे एक बे, बे दुणे चार’. सुरुवात संथ, मिनिटाला साधारण 60 थापा. पाढा सुरात म्हणता आला म्हणजे आला असं मात्र नाही! मुलं चालीवर वाहत जातात. मध्येच ‘बे साते किती’ विचारलं की गप्प. म्हणून दुसऱ्या फेरीत उत्तराच्या जागी नुसत्या दोन थापा द्या आणि उत्तर एकेकाकडून घ्या. वाद्य एकच ठेवा, बाकीच्यांनी टाळ्या. तीन घुमटं झाली की शब्द ऐकूच येत नाहीत.

खरी अडचण पावसाळ्याची. दमट हवेत चामडं सैल पडतं, आवाज बसतो. थोडा वेळ उन्हात ठेवलं की पुन्हा ताणतं. चुलीजवळ नको, फाटतं. जमिनीवर ठेवताना खाली चुंबळ हवीच. पहिलीच्या मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.