एमए समाजशास्त्र, पुणे: पदवीनंतरचे २० महिने आणि खर्चाची वही

एमएचा निकाल लागून २० महिने झाले. बार्शीची, करमाळ्याची ओळखीची मुलं-मुली अधूनमधून फोन करतात आणि विचारतात, "ताई, समाजशास्त्र करून मिळतं का काही?" मी प्रवेश घेतला तेव्हा हाच प्रश्न मीही चार जणांना विचारला होता. दोघांनी "आवड असेल तर कर" म्हणून सांगितलं, दोघांनी "वाया जाशील" म्हणून सांगितलं. आकडा कुणीच सांगितला नाही. पुण्यात उतरले त्या दिवसापासून मी वही ठेवली होती, त्यातलेच आकडे इथे देते.

दोन वर्षांची विद्यापीठाची फी, परीक्षा शुल्क, झेरॉक्स धरून माझे २८ हजार गेले. जुना लॅपटॉप घेतला, २२ हजार. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं, ४ हजार, मेस ३,२००, बसचा पास, मोबाइल, औषधपाणी मिळून १,८००. महिन्याला ९ हजार म्हणजे २४ महिन्यांचे २ लाख १६ हजार. इथपर्यंत बेरीज २ लाख ६६ हजार होते आणि बहुतेक घरांत हिशोब इथेच थांबतो.

पण बीएनंतर मला बार्शीतल्या एका पतसंस्थेत ११ हजारांवर घ्यायला तयार होते. ते मी सोडलं. दोन वर्षांचे २ लाख ६४ हजार हातात आलेच नाहीत. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. आमच्या घरी त्याचा अर्थ वरच्या मजल्याचा स्लॅब दोन वर्षं पुढे गेला असा होता. अण्णांनी तोंडातून एक शब्द काढला नाही, तरी तो आकडा वहीत लिहायलाच हवा. एकूण ५ लाख ३० हजार. त्यात फी शंभरात जेमतेम पाच रुपये. म्हणून "सरकारी विद्यापीठात फी कमी आहे, मग काय हरकत आहे" असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते.

माझ्या मैत्रिणीने खासगी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम घेतला. त्यासाठी ६ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, हे बँकेत सगळे सांगतात. व्याज मात्र चालू राहतं, हे तिला नीट समजलं नव्हतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि व्याजदर १० टक्के धरला तर तीन वर्षांत साध्या व्याजानेच १ लाख ८० हजार चढतात. मग ७ लाख ८० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला १०,३०० च्या आसपास बसतो. पहिला पगार २५-३० हजार असताना त्यातून एवढा हप्ता, वर पुण्यातलं भाडं. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षं करसवलत मिळते हे खरं, पण ज्याला करच लागत नाही त्याला तिचा उपयोग नाही. आपल्या विषयात कर्ज काढायचं तर फार विचार करून काढा, हे मी कळकळीने सांगते.

आता कमाई. पहिले पाच महिने शून्य. सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचा, अभ्यास चालू होता आणि खोली सोडली तर परत येणं होणार नाही अशी भीती होती. मग एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर चार महिने शिकवलं. वर्गात उभं राहायला मला मनापासून आवडलं. पण सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, आणि पहिलं बिल निघालं ते सत्र संपल्यावर. चार महिन्यांचे मिळून ३८ हजार. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ५७,७०० पासून सुरू होतं. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच वर्गाला तोच पेपर शिकवणाऱ्या दोन माणसांत एवढं अंतर आहे. नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) किंवा सेट झाल्याशिवाय त्या दारात उभंच राहता येत नाही, आणि झाल्यावरही जागा निघायची वाट बघावी लागते. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०२३ पासून ती महिन्याला ३७ हजार आहे. तिला वयाची अट असते, म्हणून लवकर तिच्या मागे लागा.

त्यानंतर एका संशोधन संस्थेत क्षेत्रकामावर घेतलं. पाच महिने २२ हजार, नंतर २८ हजार. हे २८ हजार कशाने झाले ते सविस्तर सांगते, कारण मला पदवीचा उपयोग नेमका तिथे दिसला.

पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत आमची घरोघरी पाहणी चालू होती. टॅबवर प्रश्न येतो: मागच्या वर्षभरात बहुतांश काळ काय केलं? राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात असतात तेच क्रमांक आम्ही वापरत होतो. फक्त घरकाम म्हणजे ९२, स्वतःचा धंदा म्हणजे ११. आमच्यातला एक नवा मुलगा विचारत होता आणि मी मागे उभी होते.

"मावशी, तुम्ही काम करता का?"

"नाही ओ, घरीच असते."

त्याने ९२ टाकलं. मावशींचा हात मात्र थांबला नव्हता. मांडीवर कापसाचा पुंजका, शेजारी वाटीत राख. बोट राखेत टेकवायचं, चिमूटभर कापूस ओढायचा, वळायचा, टोक काढायचं, की फुलवात ताटात. आमच्याशी बोलता बोलता अर्धं ताट भरलं. मी खाली बसले आणि विचारलं, "या वाती घरच्या देवाला का?"

"एवढ्या कुठं लागत्यात! दुकानदार कापूस देतो. हजारावर पैसे."

"दिवसाला किती वेळ जातो?"

त्यांनी सुनेकडे बघितलं. पोरं शाळेत गेल्यापासून ते परत येईपर्यंत, आणि रात्री जेवणं झाल्यावर. हिशोब केला तर सहा तास भरले. क्रमांक ९२ चा ११ झाला.

संध्याकाळी मी आधीच्या तीन दिवसांचे फॉर्म काढून बसले. ९२ लिहिलेल्या घरांत आम्ही परत गेलो, आणि पापड, शिलाई, फॉल-पिको असं कितीतरी सापडलं. "काम करता का" हा प्रश्न बायका "नोकरी करता का" असा ऐकतात. दुसऱ्या सत्रात आमच्या विभागातल्या बाईंचा काम आणि श्रम यांवरचा जो पेपर मी परीक्षेपुरता पाठ केला होता, तो त्या दिवशी मला कळला. मी दोन पानांचं टिपण करून दिलं: काय विचारायचं, कुठे बघायचं, कोणता शब्द टाळायचा. पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण माझ्याकडे आलं आणि त्यासोबत पगारवाढ.

पुण्यात या कामाला परंपरा आहे, तिचा मला अभिमान वाटतो. अर्थशास्त्राची गोखले संस्था १९३० साली सुरू झाली आणि अर्थतज्ज्ञ ध. रा. गाडगीळांनी त्याच दशकात पुणे शहराची घरोघरी पाहणी करून घेतली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ चा, तोही इथलाच. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातून कचरावेचक बायकांमध्ये काम सुरू झालं आणि १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. आपला विषय पुस्तकातच राहतो असं कुणी म्हणालं की मी हे सांगते.

पण वही भावनेवर चालत नाही. २० महिन्यांत मी ३ लाख १६ हजार कमावले, म्हणजे सरासरी महिन्याला १५,८००. पतसंस्थेत एव्हाना १३ हजार मिळत असते, आणि जेवण-राहणं घरचं. आजचे २८ आणि ते १३ यांत १५ हजारांचा फरक, त्यातून पुण्यात राहण्याचे ९ हजार वजा केले की हातात जास्तीचे ६ हजार. ५ लाख ३० हजार या वेगाने भरून यायला ८८ महिने लागतात, म्हणजे सात वर्षं चार महिने. पगार वाढला तर लवकर, प्रकल्प संपला तर उशिरा. आमच्याकडे करार अकरा महिन्यांचे असतात, हेही लक्षात ठेवा.

स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून एमए करणारे माझ्या वर्गात बरेच होते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे १७५० पैकी ५०० गुण असतात, त्यामुळे त्यांचं गणित चुकीचं नाही. फक्त त्यांनी संशोधन पद्धतीचा आणि संख्याशास्त्राचा पेपर काठावर सोडवला. संशोधन संस्थेच्या मुलाखतीला मला पहिला प्रश्न नमुना निवडीवर होता आणि दुसरा, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतं का हा.

गेल्या आठवड्यात मामेबहिणीला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. तिला यंदा प्रवेश घ्यायचा आहे. दोन दिवस ती काहीच बोलली नाही, मग तिचा फोन आला, "ताई, वसतिगृहात नंबर लागला तर कॉटचे किती वाचतील?" चार हजारांनी २४ महिन्यांचे ९६ हजार. ५ लाख ३० हजारांतून ते काढले तर ४ लाख ३४ हजार राहतात, म्हणजे ८८ चे ७२-७३ महिने. त्यात वसतिगृहाची फी मिळवायची बाकी आहे. सोमवारी ती पुण्याला येते आहे, आम्ही दोघी आधी वसतिगृहाच्या कार्यालयात जाणार आहोत आणि मग विभागात.