ब्रेझा ऑटोमॅटिक: अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर आणि खिशातली टेप

आमच्या घराच्या फाटकाची रुंदी ६ फूट ९ इंच. आजोबांनी इंदूरच्या रामबागेत घर बांधलं तेव्हा त्या फाटकातून सायकली जायच्या, पुढे वडिलांची स्कूटर. मोटार आत यायची आहे हे कोणाच्या स्वप्नातही नसणार. एका बाजूचा खांब दगडी आहे आणि तो पाडायचं नाव काढलं की आई जेवणाच्या ताटावरून उठते. तेव्हा गाडी निवडताना आमची पहिली अट मायलेज नव्हती, सनरूफ तर नव्हतंच. पहिली अट तो खांब.

मी बांधकामाची कामं घेतो, टेप खिशात असतेच. शोरूममध्ये ती काढली की विक्रीवाली पोरं एकमेकांकडे बघून हसायची. हसोत. चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींचा कागद वाचायला बसलात तर लांबी जवळजवळ सगळ्यांची सारखीच दिसेल. मारुतीची ब्रेझा ३९९५ मिलिमीटर, टाटाची नेक्सॉन ३९९५, बाकीच्याही त्याच्या आगेमागे. कारण उघड आहे. ४००० च्या आत राहिलं तरच छोट्या गाडीचा कर लागू शकतो. म्हणजे लांबीचा आकडा सरकारसाठी असतो. तुमच्या कामाचा आकडा त्याच्या खालचा, रुंदीचा. ब्रेझाची १७९०, महिंद्राच्या ३एक्सओची १८२१. फरक ३१ मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला १५. बोटाएवढा. पण आमच्या फाटकात आरसे मिटून ब्रेझा घातली की दोन्ही बाजूंना पाच-सव्वापाच इंच उरतात आणि तेवढ्यात गल्लीतून वळूनही यायचं असतं. तिथे बोटभर जागेलाही मोल आहे. व्हीलबेसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचंही तसंच. ३एक्सओचा २६००, ब्रेझाचा २५००. लांब व्हीलबेसने मागच्या सीटवर पाय पसरायला जागा मिळते, अरुंद गल्लीत वळताना मात्र तोच नडू शकतो.

दुसरी अट आई. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आमच्या जुन्या सेडानमध्ये ती बसायची नाही, पडायची, आणि उतरताना दोघांनी ओढावं लागायचं. ट्रायल घ्यायला तिलाच सोबत नेलं. पाच शोरूम झाल्या. प्रत्येक ठिकाणी ती पाठ सीटकडे करून उभी राहायची, टेकायची आणि मग पाय आत घ्यायची. ब्रेझाची सीट बरोबर तिच्या कमरेशी येते. खाली जायचं नाही, वर चढायचं नाही, सरकायचं फक्त. तिचा निकाल मला अजून आठवतो, "ही पलंगासारखी आहे रे, घे." हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. घरात सत्तरीचं माणूस असेल तर त्याला घेऊनच जा. व्हिडिओ बघून ठरवू नका.

आता गाडीचं सांगतो. झेडएक्सआय ऑटोमॅटिक, पेट्रोल. इंजिन १४६२ सीसी, चार सिलिंडरचं, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नाही. ताकद १०३ पीएस, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, साधारण १३७ न्यूटन मीटर आणि तोही ४४०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे). गिअरबॉक्स सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा). टाकी ४८ लिटर, डिकी ३२८ लिटर, टायर २१५/६० आर१६.

यातला टॉर्कचा आकडा नीट समजून घ्या, कारण गाडीचा स्वभाव तिथे आहे. नेक्सॉनच्या १.२ टर्बोत १७० न्यूटन मीटर १७५० आरपीएमपासूनच हाताशी येतात. स्कोडा कायलॅकच्या एक लिटर टर्बोचे १७८. ब्रेझाला तेवढा जोर करायला इंजिन पळवावं लागतं. शहरात हे जाणवतसुद्धा नाही. उलट भंवरकुआंपासून पलासियापर्यंत संध्याकाळी सातला रांगत यायचं असेल तर ही गाडी लोण्यासारखी सरकते. चार सिलिंडर असल्यामुळे सिग्नलवर थरथर नाही, आणि टॉर्क कन्व्हर्टरमुळे एएमटीसारखी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी स्वस्त ऑटोमॅटिक) मान पुढे-मागे होत नाही. पण गेल्या दिवाळीत पुण्याला निघालो, पाच जण आणि वर फराळाचे डबे. सेंधव्याच्या पुढे बिजासनच्या घाटात ट्रकला ओलांडायचं म्हटलं की पाय दाबल्यावर आधी आवाज येतो, मग वेग. मी स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा गिअर घेतला, इंजिन चार हजारांवर ओरडलं, ट्रक मागे पडला. घाबरण्यासारखं काही नाही, पण ओलांडण्याचा हिशेब आधी करावा लागतो. ज्याचं दर आठवड्याला धुळ्या-नाशिककडे जाणं आहे त्याने टर्बो बघावी, असं मी स्पष्ट सांगतो. माझं रोजचं चाळीस किलोमीटर, राऊ ते बायपास, साइटवरून साइटवर. मला ही बरी.

मायलेज हा इंदूरमधला राष्ट्रीय प्रश्न आहे. कंपनीचा आकडा लिटरला १९.८०. तो प्रयोगशाळेतला. मी डिस्प्लेवर विश्वास ठेवत नाही. टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा भरायची. शहरात ११ ते १३. मे महिन्यात एसी फुल्ल, तर साडेदहासुद्धा पाहिलेत. पुण्याच्या वाटेवर ऐंशी-नव्वदच्या वेगात १७.४. शंभरच्या वर ठेवली की १५. त्यात आता पंपावरचं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे सहा-सात टक्के ऊर्जा टाकीत मुळातच कमी पडते. त्यासाठी गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. यात छोटा हायब्रिड आहे, सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होतं. पण इंजिनबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि नुसता पंखा फिरत राहतो. ४२ डिग्रीत गीता भवनच्या सिग्नलला ही काटकसर परवडत नाही. मी एप्रिल ते जून ते बटण दाबून बंदच ठेवलं.

सीएनजीचा मोह मलाही होता. ब्रेझाच्या सीएनजीचा अधिकृत आकडा किलोला २५.५१. माझ्या फिरण्याला फायद्याची झाली असती. पण एक तर ती मॅन्युअलमध्येच मिळते, आणि सिलिंडर डिकीत बसतो. मग आईचा वॉकर कुठे ठेवू? टाटाने नेक्सॉन सीएनजीत दोन छोटे सिलिंडर खाली घालून ३२१ लिटर जागा राखली आहे, ती मी गंभीरपणे पाहिली होती. पण ऑटोमॅटिक हवी होती, विषय संपला.

डिकीबद्दल थोडं. ३२८ लिटर कागदावर कमी दिसतात; किआ सोनेटची ३८५, नेक्सॉनची ३८२, कायलॅकची ४४६. मात्र हे आकडे कोण कसे मोजतं याची खात्री करा. कोणी मागच्या फळीपर्यंत मोजतं, कोणी फळी काढून छतापर्यंत. मी वॉकर आणि माझी हेल्मेटांची पेटी दोन्ही घेऊनच गेलो होतो. वॉकर आडवा बसला, पेटी शेजारी बसली, वर दोन बॅगा. पाच जणांचं चार दिवसांचं सामान मात्र बसत नाही. पुण्याला जाताना चकलीचा डबा बायकोच्या मांडीवर गेला आणि मनमाडपर्यंत त्यावरून मी ऐकून घेतलं.

रस्त्यावरची बैठक चांगली आहे. टायरची बाजू जाड आहे (२१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर रबर), आणि इंदूरच्या गल्लीबोळात नागरिकांनी स्वहस्ते घातलेले स्पीडब्रेकर ही गाडी न खरवडता ओलांडते. वरच्या व्हेरिएंटला १७ इंची चाकं देणाऱ्या गाड्या दिसायला देखण्या, पण रबर पातळ आणि टायर महाग. जाम गेटच्या उतारावरून महेश्वरला तीनदा गेलो, वळणांवर ती थोडी झुकते. उंच गाडी आहे, झुकणारच. मागे बसलेल्या भाच्याला एकदा मळमळलं, त्याचं श्रेय मी सराफ्यात रात्री एकला खाल्लेल्या गराडूला (तळलेला कंद) देतो.

सुरक्षेच्या बाबतीत मला पुतण्याने बरंच झापलं. त्याचं म्हणणं, नेक्सॉन, ३एक्सओ, कायलॅक या तिघींना भारत एनकॅपमध्ये, म्हणजे सरकारी धडक-चाचणीत, पाच तारे आहेत, मग काका तुम्ही हे काय केलंत? जुन्या विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले होते, पण ती मागची पिढी. त्याचं चूक नाही. शहरात ४० च्या वर न जाणाऱ्या माणसाने आईची सीट आधी बघितली, एवढंच माझं उत्तर. हायवेवाल्यांनी पुतण्याचं ऐकावं. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावावा, तारे कितीही असोत.

आता पैशांकडे येतो, कारण इथे मी एकदा जिंकलो आणि एकदा हरलो.

जिंकलो ते उज्जैनमुळे. २०२५ च्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यात गाडी घेतली तर रोड टॅक्स निम्मा, अशी सरकारची सूट होती. अट ही की नोंदणी उज्जैनलाच. माझे पन्नास-साठ हजार वाचले. फक्त नंबर इंदूरच्या एमपी-०९ ऐवजी उज्जैनचा एमपी-१३ आला. साइटच्या सोसायटीचा वॉचमन अजून विचारतो, "भिया, उज्जैन से आए क्या?" रोज महाकालचं दर्शन घेऊन येतो असं मी त्याला सांगतो.

हरलो ते सप्टेंबरमध्ये. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांवर आली. आधी सेससकट २९ होता. आमच्या ब्रेझाची लांबी आत, पण इंजिन १४६२, म्हणून तिला छोट्या गाडीचा दर्जाच नाही. तिला आधी ४५ टक्के होता, आता ४०. हिशेब मांडा: मूळ शंभराच्या गाडीचे करासकट १४५ चे १४० झाले, म्हणजे शेकडा साडेतीन कमी. दुसरीकडे छोट्या गाडीचे १२९ चे ११८, शेकडा साडेआठ कमी. सहा महिने थांबलो असतो तर माझे चाळीसेक हजार वाचले असते, पण मग मेळा हुकला असता. ते मी पचवलं. मला टोचतं ते वेगळंच. मी पाहिलेल्या टर्बो गाड्या सगळ्या १२०० च्या आतल्या होत्या आणि त्यांच्यात नि ब्रेझात असलेलं किमतीचं गणित एका रात्रीत हललं. आज घ्यायला निघालात तर माझी २०२५ च्या मार्चमधली तुलना तुमच्या कामाची नाही, नवी ऑन-रोड किंमत मागा.

ऑन-रोडच्या कागदावर एकेक ओळ वाचा. माझ्या डीलरने विमा स्वतःकडूनच घ्यायचा आग्रह धरला, बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही म्हणाला. असं काही नसतं. मी त्याच कंपनीचा, त्याच आयडीव्हीचा (गाडीची विम्यात धरलेली किंमत), झिरो डेपसकट (भाग बदलताना घसारा न कापणारा) कोट बाहेरून काढून टेबलावर ठेवला, तेव्हा साहेब आत जाऊन आले आणि चौदा हजार कमी झाले. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचं सक्तीचं आहे, स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा चालतो. कोटेशनात "अत्यावश्यक किट" म्हणून जी ओळ असते तिच्यात मॅट, मडफ्लॅप आणि एक गणपती असतो. गणपती ठेवला, बाकी कापलं.

बिघाड म्हणावा असा एकच, आणि तो माझा. गाडी जेमतेम बारा दिवसांची, आणि रंगपंचमी. राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) आमच्या घरापासून लांब नाही. गाडी आत घ्यायचा आळस केला. दुसऱ्या दिवशी धुऊन चकाचक केली, एसी लावला आणि काचेवर गुलाबी धुरळा उडाला. ग्लोव्हबॉक्स काढून मागचा एसी फिल्टर ओढला तर तो गुलकंदासारखा. नवा घातला, तरी जूनपर्यंत तिसऱ्या वेगावर पंखा गेला की कुठून तरी एखादा कण यायचा. आई म्हणायची, "असू दे, शुभ आहे."

दहा हजारांच्या सर्व्हिसला वर्कशॉपने अंदाजपत्रकात थ्रॉटल क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन असं बरंच भरलं होतं. मॅन्युअल उघडून जे त्यात आहे तेवढंच करा म्हणालो. बिल जवळपास निम्म्यावर आलं.

आणि तो खांब. ऑगस्टमध्ये पावसात, घाईत, डावा आरसा मिटायचा राहिला. दोन हजार आठशे रुपये. आई गॅलरीतून बघत होती. तिने खांबाला काही झालं का, एवढंच विचारलं.