पहिला शॅमेलिऑन निवडताना: व्हेल्ड की पँथर?

अमेरिकेत किंवा युरोपात पहिल्यांदा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळू इच्छिणाऱ्यांपुढे बहुधा दोन जाती असतात: येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, माथ्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड आणि मादागास्करच्या उत्तर व पूर्व भागातला, रंगांसाठी ओळखला जाणारा पँथर. व्हेल्ड बराच स्वस्त मिळतो. पण जाळीचा पिंजरा, दिवे आणि पाण्याची सोय यांचा खर्च दोघांसाठी सारखाच असल्याने केवळ किमतीवरून निवड करू नये.

जातीइतकाच, किंबहुना अधिक, विचार नर-मादीचा करावा. व्हेल्डची मादी नराशी संबंध न येताही अंडी घालते, एका वेळी कित्येकदा तिसाहून अधिक. खाणे आणि उष्णता जास्त झाली, की ही संख्या वाढते. खणण्याजोगी ओलसर माती वा वाळू खोलवर भरलेले भांडे पिंजऱ्यात नसेल, तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. पँथरच्या मादीतही हे घडते, मात्र तिची अंडी सहसा कमी असतात. म्हणूनच नवशिक्याने, जात कोणतीही असो, बंदिस्त पैदाशीतला नरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवामानाच्या बाबतीत व्हेल्ड अधिक सोशिक आहे. पँथर दमट किनारपट्टीचा असल्याने, हिवाळ्यात हीटरने कोरड्या पडणाऱ्या घरात त्याच्यासाठी आर्द्रता टिकवणे कष्टाचे ठरते. स्वभावाने मात्र पँथर तुलनेने शांत असतो, तर व्हेल्ड चटकन फुत्कारतो. हाताळणे दोघांनाही मानवत नाही आणि एका पिंजऱ्यात दोन ठेवणेही चुकीचे आहे. व्हेल्ड पानेही खातो, त्यामुळे त्याच्या पिंजऱ्यात जास्वंदीसारखी निर्धोक झाडेच लावावीत.

खरी कसोटी दोघांत समान असलेल्या गोष्टींची आहे. पूर्ण वाढलेल्या नरासाठी साधारण ६० × ६० × १२० सेंटिमीटरचा उभा पिंजरा हवा. अतिनील-बी (UVB) किरण देणारी लांब दिव्याची नळी हवी, आणि ती उजेड देत असली तरी तिचे किरण कालांतराने क्षीण होत असल्याने उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. हे किरण आणि रातकिड्यांवर भुरभुरलेली कॅल्शियमची पूड यांपैकी एकही कमी पडले, तर हाडे मऊ होऊन वाकतात. आलेला बाक बहुधा कायमचा राहतो. शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून फवारणी किंवा ठिबक अनिवार्य आहे. विष्ठेसोबतचा पांढरा भाग नारिंगी होणे किंवा डोळे खोल जाणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे समजावीत.

भारतातील वाचकांनी एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. आपल्या रानातला भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून तो पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. व्हेल्ड आणि पँथर या दोन्ही जाती साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते; कागदपत्रे न देणाऱ्या विक्रेत्याकडून प्राणी घेऊच नये.

निवड झाल्यावरही प्राणी लगेच आणू नये. रिकामा पिंजरा दोन आठवडे चालू ठेवून दिवसा आणि रात्री तापमान व आर्द्रतेची नोंद करावी, आणि त्याच काळात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवावा.