पैलवानाची डायरी: छापील घ्यावी की लाँगबुक?

'ग्रोथ माइंडसेट'च्या (सरावाने क्षमता वाढते या विचाराच्या) नावाखाली खेळाडूंसाठी छापील डायऱ्या ऑनलाइन मिळतात. गुळगुळीत कागद, पानागणिक एक इंग्रजी सुविचार, मूड दाखवायला पाच चेहरे आणि 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे' यासाठी तीन ओळी. मातीतून गादीवर (मॅटवर) येणाऱ्या पैलवान पोरांना त्यांचा फारसा उपयोग नाही. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतली 200 पानी, पक्क्या बांधणीची लाँगबुक घ्या आणि उरलेले पैसे खुराकाला लावा.

सरावाने क्षमता वाढते हे कुणीही मान्य करतं. पण नेमकी कुठली क्षमता कमी पडली, हे त्या चेहऱ्यांवरून कसं कळणार? मातीच्या पारंपरिक कुस्तीत चितपट हाच निकाल, खडाखडीत (एकमेकांना अजमावण्यात) दहा मिनिटं गेली तरी बिघडत नाही. गादीवर फ्रीस्टाइलची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, मध्ये 30 सेकंद विश्रांती. बचाव करत उभं राहिलं की पंच आधी ताकीद देतात, मग 30 सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याच्या खात्यात 1 गुण. असं होऊन 1-1 वर वेळ संपली, तर शेवटचा गुण घेणारा जिंकतो. ताकदीचा पैलवान असा दोनदा हरला की तालमीत शिक्का बसतो, "मातीतलं पोरगं हाय, गादीवर न्हाय चालायचं." पोरगंही तेच धरून बसतं. वास्तविक त्याला फक्त त्या 30 सेकंदांत करायचा एक डाव शिकायचा असतो.

लाँगबुकच्या पानावर पट्टीने चार रकाने आखा: वेळ, गुण, काय झालं, का झालं. नमुन्यादाखल एक ओळ: 'दुसरी फेरी, 1:10. 2 गुण गेले. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) घेतला, समोरच्याने पाय मागे टाकून अंग वर सोडलं आणि मागे गेला. कारण: गुडघा टेकल्यावर मागचा पाय पुढे आला नाही, डोकं खाली गेलं, पकड घोट्यावर घसरली.' खाली आठवड्याचं काम: दोन्ही बाजूंनी 5-5 पट, असे 4 सेट, जोडीदाराने निम्मी ताकद लावायची. मग पाय हातात धरूनच सुरुवात करून 30 सेकंदांच्या 6 झटापटी, यात पूर्ण ताकद.

पहिले तीन रकाने त्याच संध्याकाळी भरा. 'का' दुसऱ्या दिवशी, मोबाइलवरचं चित्रण वस्तादांसोबत बघून; हरल्याच्या रात्री लिहिलेलं कारण बहुधा राग असतो. ट्रायपॉड छातीइतक्या उंचीवर, गादीच्या कोपऱ्यापासून दोन-तीन पावलं मागे ठेवा. फार जवळ ठेवलात तर नेमके पाय चौकटीबाहेर जातात.

वही फसते ती ठरलेल्या ठिकाणी. 'दम कमी पडला' ही ओळ पानोपानी येते आणि तिचा काही उपयोग होत नाही. कितव्या मिनिटाला हात खाली आले ते लिहा. पंचांच्या निर्णयाची तक्रार समासात, एका ओळीत. चॅलेंज (चित्रण पाहून निर्णय तपासण्याची मागणी) घेतलं होतं का तेही सांगा, कारण ते फेटाळलं गेलं तर समोरच्याला 1 गुण जातो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे 10-0 ने जिंकलेल्या कुस्तीचं पान कोरं सोडणं. दुबळ्या जोडीपुढे डोकं खाली ठेवूनही पट निघतो, आणि ती सवय तिथेच मुरते.

खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा गादीवर लढले आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत वरच्या वजनगटात त्यांनी कांस्यपदक घेतलं. मधल्या चार वर्षांत माती काही बदलली नव्हती. आज महाराष्ट्र केसरीचा किताबही माती आणि गादी विभागांचे विजेते एकमेकांशी लढूनच ठरतो, त्यामुळे 'मी मातीतला' म्हणून गादी टाळण्याची सोय मुळात नाहीच.

वस्तूचे दोष सांगायलाच हवेत. लाँगबुक किटबॅगेत आडवी बसत नाही, घामाच्या हाताने जेल पेनचं लिखाण पसरतं (बॉलपेनच वापरा), आणि स्प्रिंगची वही घेतलीत तर महिनाभरात पानं सुटतात. छापील डायरीची बांधणी या बाबतीत बरी. तिच्यात झोप आणि सकाळचं उपाशीपोटी वजन यांचे आयते तक्तेही असतात, ते मात्र लाँगबुकमध्ये जरूर उतरवून घ्या. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त वजनामुळे अपात्र ठरली, तेव्हा हा रकाना कुणी हलका समजू नये.

शेवटची दहा पानं कोरी ठेवा. तिथे डावांची अनुक्रमणिका करायची: एकेरी पट, ढाक, भारंदाज, पुढे पान क्रमांक. एकाच डावापुढे चौथा क्रमांक पडला की वही वस्तादांपुढे ठेवा.