चौकटीला खाच मारायची की पट्टी ठोकायची?

दार लावल्यावर ज्या कडेला टेकून थांबतं, ती दोन तऱ्हांनी करतात. एक, चौकटीच्या लाकडातच चार सूत, म्हणजे अर्धा इंच, खोल मारलेली खाच. दुसरी, सपाट चौकटीवर वरून ठोकलेली पट्टी. सुतार विचारतो, “साहेब, खाच की पट्टी?” आणि आपण “स्वस्त काय ते करा” म्हणून मोकळे होतो.

स्वस्त पट्टीच. सात बाय तीन फुटांच्या दाराला, उंबरठा नसेल तर, १७ फूट लाकूड लागतं. खाचेसाठी ४ बाय अडीच इंची घेतलं की १.१८ घनफूट. पट्टीच्या चौकटीला ४ बाय २ पुरतं, म्हणजे ०.९४. वर पट्टीचं साधारण ०.०९ धरा. दारामागे ०.१५ घनफूट वाचलं. सागवान असेल तर पाच-सहा दारांत फरक कळतो.

पण मुख्य दाराला हा हिशोब लावू नका. दार आत उघडतं, म्हणजे पट्टी बाहेरच्या अंगाला येते. पटाशी घालून ती उचकटली की फटीतून लॅचची जीभ समोर. खाचेला उचकटायला काही नसतंच. बाहेरून सेफ्टी डोअर लावणार असाल तर डबल खाच, म्हणजे चौकटीच्या दोन्ही अंगांना एकेक, आधीच सांगा, आणि चौकटीची रुंदी ठरवताना दोन दारांच्या मध्ये दाराची मूठ (हँडल) मावते का ते मोजा. हे हमखास विसरतं.

आतल्या खोल्यांना मी डोळे मिटून पट्टी सांगेन, आणि ते पैशासाठी नाही. दाराला थोडा पीळ असतोच. खाचेत असं दार वर टेकतं आणि खाली बोटभर उघडं राहतं. मग रंधा घेऊन बसा. पट्टीचं उलटं: आधी दार बिजागरीवर चढवायचं, कडी लावायची, मग पट्टी दाराला भिडवून ठोकायची. दाराचा पीळ पट्टी सांभाळून घेते. बिजागरीच्या बाजूला मात्र मध्ये जुनी लग्नपत्रिका धरून ठोका. रंगाचे हात चढल्यावर तेवढी फट लागते. खिळे आधी अर्धेच मारून दार चार वेळा लावून बघा, आणि फेव्हिकॉल लावू देऊ नका, नाहीतर पट्टी पुढे कधी सरकवता येणार नाही. पावसाळ्यात दार अडकतं ते मात्र रुंदीत फुगून. तिथे पट्टी हलवून उपयोग नाही, कडेलाच रंधा मारावा लागतो.

बाथरूमला लाकूडच नको. ग्रॅनाइटच्या रुंद पट्टीवर अरुंद पट्टी चिकटवली की खाच आपोआप तयार होते. ते जमत नसेल तर डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली चौकट: वाळवी लागत नाही, पाण्याने कुजत नाही, फक्त स्क्रूआधी भोक पाडून घ्यायला सांगा.

खिडक्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या असतील तर प्रश्नच मिटला. कोकणात अजून लाकडी झडपा करतात, तिथे खाचच करा. वाऱ्याबरोबर आलेलं पाणी पट्टीच्या सांध्यात शिरून बसतं आणि रंगाखाली लाकूड काळं पडत जातं. नखाने दाबलं की मऊ लागतं, तेव्हा कळतं.