‘मायामी कनेक्शन’ची ब्लू-रे : चित्रपटापेक्षा पुरवण्या सरस

‘मायामी कनेक्शन’ या १९८७ च्या अमेरिकी मारधाडपटाची ड्राफ्टहाऊस फिल्म्सने २०१२ मध्ये बाजारात आणलेली ब्लू-रे डिस्क चित्रपटाच्या गुणवत्तेसाठी कोणी घेऊ नये. अभिनय कच्चा आहे, संवाद तुटक आहेत आणि मधली वीसेक मिनिटे तर केवळ पळवण्याच्या लायकीची आहेत. तरीही मी ती घेण्याची शिफारस करतो, कारण एखादा फसलेला चित्रपट कसा घडतो, कसा बुडतो आणि पाव शतकानंतर कसा तरंगून वर येतो, हे एकाच डिस्कवर इतक्या सविस्तरपणे क्वचितच पाहायला मिळते.

नावात मायामी असली तरी कथा बहुतांशी ऑरलँडोत घडते. विद्यापीठात शिकणारे पाच अनाथ मित्र एकाच घरात राहतात, ‘ड्रॅगन साउंड’ या नावाने क्लबात गाणी वाजवतात, तायक्वांदो शिकतात आणि अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्या, मोटारसायकलवरून फिरणाऱ्या निंजांशी दोन हात करतात. या मित्रांपैकी मार्कची भूमिका करणारे वाय. के. किम हे मूळचे दक्षिण कोरियाचे आणि ऑरलँडोतील नामांकित तायक्वांदो प्रशिक्षक. कोरियन दूरचित्रवाणीवरील त्यांची मुलाखत पाहून दिग्दर्शक पार्क वू-सांग यांनी त्यांच्यापुढे चित्रपटाचा प्रस्ताव ठेवला. किम यांना चित्रपटनिर्मितीचा अनुभव नव्हता. नट म्हणून बहुतेक त्यांचेच विद्यार्थी उभे राहिले, आणि पैसा उभा करण्यासाठी किम यांनी स्वतःची पुंजी ओतली, कर्जे काढली, तायक्वांदो शाळादेखील गहाण ठेवली. पडद्यावर पाहताना हे सारे कळते. लाथा खऱ्या आहेत, त्या मारणाऱ्यांना त्या नीट मारता येतात. तोंड उघडले की मात्र पंचाईत होते. समोरच्याचे नाक पायाच्या बोटांनी पकडून दाखवण्याचा किम यांचा प्रयोग असा काही आहे की त्याची नक्कल कुणी प्रशिक्षित नटही करू शकणार नाही.

डिस्कवरील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मूळचा शेवट. बॅंडमधील जिम, म्हणजे मॉरिस स्मिथ, याची आई कोरियन आणि वडील कृष्णवर्णीय अमेरिकी. वडिलांचा पत्ता लागल्याचे पत्र हाती येताच तो आनंदाने ओरडतो, तो प्रसंग या चित्रपटाच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. वडिलांना भेटायला विमानतळाकडे निघालेल्या जिमवर निंजांचा हल्ला होतो, आणि पहिल्या आवृत्तीत तो मरतो. वितरकांनी चित्रपट नाकारल्यावर किम यांनी तो टाकून न देता शेवट नव्याने चित्रित केला. त्यात जिम वाचतो आणि वडिलांना भेटतो. दोन्ही शेवट लागोपाठ पाहिले की पहिला अधिक करुण असूनही कमी खरा वाटतो, कारण तोवर या मित्रांचा भाबडेपणाच चित्रपटाचा प्राण झालेला असतो. यावर कडी म्हणजे निंजांच्या रक्ताचे पाट वाहून झाल्यावर, हिंसेचे उच्चाटन झाल्याशिवाय जगात शांतता नांदणार नाही, अशी पाटी पडद्यावर येते. ती पूर्ण गांभीर्याने लिहिलेली आहे, आणि म्हणूनच हसू आवरत नाही.

एवढा आटापिटा करूनही १९८८ मध्ये चित्रपट ऑरलँडो परिसरातील मोजक्या चित्रपटगृहांपलीकडे अमेरिकेत फारसा गेला नाही आणि किम आर्थिकदृष्ट्या पार बुडाले. पुढे २००९ मध्ये ऑस्टिनच्या अलामो ड्राफ्टहाऊस या चित्रपटगृह-साखळीतील झॅक कार्लसन यांनी ईबेवर पन्नास डॉलरला या चित्रपटाची प्रिंट न पाहताच विकत घेतली. ती प्रेक्षकांना दाखवताच लोक गाण्यांसकट चित्रपट डोक्यावर घेऊ लागले. पुनर्प्रदर्शनासाठी किम यांना फोन गेला तेव्हा कोणी थट्टा करत आहे असे समजून त्यांनी तो ठेवून दिला.

हा सगळा प्रवास निर्मितीविषयीच्या माहितीपटात येतो. किम आणि सहलेखक जोसेफ डायमंड यांची कॉमेंटरी, म्हणजे चित्रपट चालू असताना सोबत ऐकू येणारे त्यांचे भाष्य, मला त्याहून आवडली, कारण किम यांना आजही आपला चित्रपट हास्यास्पद वाटत नाही आणि कुणी तसे वाटून घेण्याची त्यांनी मुभाही ठेवलेली नाही. वगळलेले प्रसंग फुटकळ आहेत. बॅंडच्या पुनर्मीलनाच्या मैफलीचे चित्रण मात्र चुकवू नये. ‘फ्रेंड्स’ हे गाणे तिथे प्रेक्षकच जास्त गातात.

चित्राबद्दल बोलायचे तर रंग ठसठशीत आहेत, रात्रीच्या मारामाऱ्यांत अंधार गडद असला तरी हालचाली कळतात, आणि गाण्यांच्या वेळी आवाज पुरेसा भरीव आहे. निव्वळ मारधाड हवी असणाऱ्यांनी ही डिस्क भाड्याने किंवा मित्राकडून आणून पाहावी. विकत घ्यायची असेल तर आधी चित्रपट, मग मूळ शेवट, आणि सर्वांत शेवटी कॉमेंटरी या क्रमाने पाहावी. कॉमेंटरी आधी ऐकल्यास किम यांच्याबद्दल इतकी आपुलकी वाटू लागते की चित्रपटावर मनमोकळे हसणे अवघड होऊन बसते.